इंटेल की एएमडी? आधी कॅबिनेट उघडा, मग ठरवा

प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, घ्यायला दुकानात पाय ठेवला की पहिला प्रश्न कंपनीचा निघतो. खरं तर तो सगळ्यात शेवटी यायला हवा. आज दोन्ही कंपन्यांचे ६५ वॅट गटातले सहा कोअरचे प्रोसेसर ऑफिस, बिलिंग, फोटो, अभ्यास या कामांना पुरून उरतात. पैसे वाया जातात ते दुसरीकडे: जुन्या बोर्डात (मदरबोर्डमध्ये) न बसणारा प्रोसेसर, नव्या बोर्डावर न चालणारी जुनी रॅम, स्क्रीनच न देणारं मॉडेल, नाहीतर पावसाळ्यात यूपीएसला न झेपणारा भार. या चार गोष्टी तपासल्या की इंटेल की एएमडी हे बहुतेक वेळा आपोआप ठरतं.

हातात काय आहे

सीपीयू-झेड हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम चालवा. ‘मेनबोर्ड’ पानावर बोर्डाचं मॉडेल, चिपसेट (बोर्डाची मुख्य चिप; बी४५०, एच६१० ही नावं तिचीच) आणि बायोसची (बोर्डातल्या मूळ प्रोग्रॅमची) आवृत्ती दिसते, ‘मेमरी’ पानावर रॅम डीडीआर३, डीडीआर४ की डीडीआर५ ते कळतं. तिन्ही प्रकारांच्या पट्टीतली खाच वेगवेगळ्या जागी असते, त्यामुळे एकाची पट्टी दुसऱ्याच्या स्लॉटमध्ये बसत नाही. हे सगळं कागदावर उतरवून घ्या.

त्याआधी एक गोष्ट पाहा. टास्क मॅनेजर उघडून नेहमीचं काम करा. डिस्क १०० टक्क्यांवर अडकलेली आणि प्रोसेसर २०-३० वर असेल, तर दोष प्रोसेसरचा नाही. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी लावा, रॅम ४ जीबी असेल तर निदान ८ करा. सेवा केंद्रातली नाहीतर झेरॉक्सच्या दुकानातली बरीच मशीन एवढ्यानेच सुरळीत चालू लागतात.

विंडोज १० चा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा एएमडीची रायझन २००० मालिका आणि त्यापुढचे प्रोसेसर लागतात (२००० मालिकेतले २२००जी आणि २४००जी मात्र यादीत नाहीत). जोडीला टीपीएम २.० हे सुरक्षेचं साधन हवं. ते बहुतेकदा बायोसमध्ये असतंच, पण बंद असतं. इंटेलमध्ये ‘पीटीटी’ आणि एएमडीमध्ये ‘एफटीपीएम’ या नावाने शोधा.

जुन्या बोर्डावर काय चढतं

एएमडीचा एएम४ सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा) असेल तर तुमचं नशीब चांगलं. २०१७ च्या पहिल्या रायझनपासून ५००० मालिकेपर्यंतचे प्रोसेसर याच सॉकेटचे. बी४५० बोर्डावर आज रायझन ३ ३२००जी असेल, तर बायोस अपडेट करून त्याच जागी ५६००, ५७००एक्स किंवा ५६००जी बसतो. रॅम तीच, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) तोच, विंडोजही बहुतेक वेळा तेच चालतं. ए३२० बोर्डासाठी मात्र बोर्ड कंपनीच्या संकेतस्थळावरची चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

इथे हमखास एक घोळ होतो. ३२००जी मध्ये ग्राफिक्स आतच असतं, ५६०० आणि ५७००एक्स मध्ये ते नसतं. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर नवा प्रोसेसर बसवल्यावर स्क्रीन काळीच राहते आणि लोक प्रोसेसर खराब निघाला असं समजून परत करायला धावतात. कार्ड नसेल तर ५६००जी किंवा ५६००जीटी घ्या. कार्ड असेल तर ५६०० बरा, कारण त्यात एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) ३२ एमबी आहे, ५६००जी मध्ये १६. आणि ‘५५००’ हा ५६०० चा किंचित हळू भाऊ आहे असं कोणी सांगितलं तर मानू नका. त्यात कॅश निम्मी, पीसीआयई (ग्राफिक्स कार्ड, एसएसडी यांची जोडणी) चौथ्याऐवजी तिसऱ्या पिढीची, आणि ग्राफिक्सही नाही.

इंटेलचे सॉकेट लवकर बदलतात. सहावी-सातवी आणि आठवी-नववी पिढी दोन्ही एलजीए ११५१ वर बसतात, पण एकमेकांच्या बोर्डांवर चालत नाहीत. नाव सारखं म्हणून फसू नका. दहावी-अकरावी एलजीए १२०० वर. त्यातही एच४१० आणि बी४६० चे बहुतेक बोर्ड अकरावी घेत नाहीत. बारावी, तेरावी आणि चौदावी पिढी मात्र एलजीए १७०० वर एकत्र नांदतात. एच६१० बोर्डावर आय३-१२१०० असेल तर बायोस अपडेट करून आय५-१४४०० सहज चालतो. त्या बोर्डावर नावाच्या शेवटी ‘के’ असलेला मोठा प्रोसेसर लावू नका. प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग तिथे साधा असतो, तो तापला की वेग पडतो आणि जास्तीचे पैसे फुकट जातात.

चौथ्या पिढीचं, डीडीआर३ वालं ऑफिसमधून निघालेलं मशीन असेल तर त्यावर प्रोसेसरचा खर्च करू नका. आणि नुसतं ‘आय५ आहे’ एवढ्यावर कुठलाही सौदा करू नका. आय५-२४०० हा २०११ चा, आय५-१२४०० हा २०२२ चा. नाव एकच, मध्ये अकरा वर्षं.

बोर्डासकट नवं घ्यायचं असेल तर

बिलिंग, आंब्याच्या पेट्यांचा हिशेब, सातबारा-दाखल्यांचं काम, ऑनलाइन अर्ज यासाठी इंटेलचा आय३-१२१०० किंवा आय३-१४१००, एच६१० बोर्ड आणि ८ जीबीच्या दोन पट्ट्या. जुनी डीडीआर४ रॅम असेल तर डीडीआर४ चाच बोर्ड मागा, कारण एलजीए १७०० चे बोर्ड दोन्ही प्रकारांत येतात. मॉडेलच्या शेवटी ‘एफ’ असेल तर तो नको. इंटेलमध्ये एफ म्हणजे ग्राफिक्स नाही. थोडे पैसे वाचतात, पण कार्ड बिघडलं तर मशीन आंधळं होतं, आणि तेव्हा कोकणातून दुरुस्तीला कोल्हापूर नाहीतर मुंबई गाठावी लागते.

लग्नाचं, शिमग्याचं, दशावताराचं चित्रीकरण करून एडिटिंग करणाऱ्यांनी इंटेलच पाहावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. कारण क्विक सिंक. प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्समध्ये व्हिडिओ उलगडणारा आणि आवळणारा वेगळा भाग असतो. आजचे कॅमेरे एच.२६५ (खूप आवळलेला व्हिडिओ), १० बिट, ४:२:२ (रंगांची जादा माहिती) असं चित्रण देतात. ते अकराव्या पिढीपासूनचा क्विक सिंक थेट हाताळतो. हा आधार नसला की टाइमलाइन अडखळते, मग प्रॉक्सी (व्हिडिओच्या हलक्या नकला) बनवत बसावं लागतं. आय५-१२५०० किंवा १४५०० मध्ये यूएचडी ७७० ग्राफिक्स आहे, १२४०० आणि १४४०० मध्ये यूएचडी ७३०. ७७० मध्ये व्हिडिओचे भाग दोन, ७३० मध्ये एक. या कामाला ५०० वाला घ्या, ‘एफ’ मुळीच नको.

गेमिंगला आणि पाच-सात वर्षांच्या टप्प्याने विचार करणाऱ्याला एएमडीचा एएम५ सॉकेट. तो २०२२ मध्ये आला, त्यावर ७०००, ८०००जी आणि ९००० मालिका चालतात, आणि २०२७ पर्यंत व त्यापुढेही तो चालवू असं एएमडीने जाहीर केलं आहे. आज रायझन ५ ७६०० घ्या, पुढे त्याच बोर्डावर एक्स३डी (जादा कॅशचं) मॉडेल चढवा. ७८००एक्स३डी आणि ९८००एक्स३डी मध्ये ९६ एमबी एल३ कॅश आहे आणि गेममध्ये तिचा फायदा थेट दिसतो. एएम५ ला फक्त डीडीआर५ चालते, म्हणून रॅमचा त्या दिवशीचा भाव धरूनच तुलना करा. इंटेलचा नवा एलजीए १८५१ सॉकेट, म्हणजे ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेली कोअर अल्ट्रा २०० मालिका, यालाही डीडीआर५ च लागते. रेंडरिंगला ती चांगली आहे, पण फक्त गेमसाठी तिच्यावर खर्च करण्यात अर्थ नाही.

कार्डाशिवाय हलके गेम खेळायचे असतील तर ८६००जी. त्यात रॅमच्या दोन सारख्या पट्ट्या लावाच. आतलं ग्राफिक्स रॅमवरच जगतं, एका पट्टीवर त्याचा दम निम्म्यावर येतो.

जुना तेराव्या-चौदाव्या पिढीचा मोठा प्रोसेसर स्वस्तात मिळत असेल तर जरा थांबा. या पिढ्यांतल्या ६५ वॅट व त्यावरच्या अनेक मॉडेलांना जादा व्होल्टेजमुळे कायमची इजा होत होती. २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये इंटेलने मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला प्रोग्रॅम) दुरुस्त केला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. मात्र आधीच झालेली इजा अपडेटने भरून येत नाही. असा प्रोसेसर घेतला तर बोर्डाचा बायोस आधी ताजा करा.

वीज, खारा वारा आणि उकाडा

प्रोसेसरवर छापलेले वॅट आणि जोरात चालताना लागणारे वॅट वेगळे असतात. रायझन ५ ५६०० ची मर्यादा ७६ वॅट, ७६०० ची ८८, आय५-१२४०० ची ११७, आय५-१४६००के ची १८१ आणि आय७-१४७००के ची २५३. घराघरांत दिसणारा ६०० व्हीए यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो. १४७००के आणि मोठं कार्ड त्यावर लावलं तर वीज जाताच मशीनही जाईल. मालवण, देवगड, गुहागरच्या पट्ट्यात वादळी पावसात वीज दिवसातून अनेकदा जाते-येते, तिथे ६५ वॅट गटाबाहेर जायला सबळ कारण हवं.

आणखी एक भानगड: चांगल्या एसएमपीएसमध्ये अॅक्टिव्ह पीएफसी (वीज नीट ओढणारी व्यवस्था) असतं. स्वस्त यूपीएसची वीज शुद्ध साइन वेव्ह (घरच्या विजेसारखी गुळगुळीत लाट) नसते, त्यामुळे बॅटरी भरलेली असूनही बदलाच्या क्षणी कॉम्प्युटर बंद पडतो. दोष प्रोसेसरला देऊ नका. शुद्ध साइन वेव्हचा यूपीएस लावा, किंवा दुकानदाराकडून प्लग काढून दाखवून घ्या.

दमट हवेने प्रोसेसर जास्त तापत नाही, पण हीटसिंकच्या (प्रोसेसरवरच्या, उष्णता ओढणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांत धूळ चिकटून थर घट्ट बसतो आणि मग तो तापतो. खारा वारा आधी खातो तो बोर्ड, रॅमचे सोनेरी दात आणि एसएमपीएसची जाळी. यात इंटेल-एएमडी भेद नाही. पावसाळ्यात मशीन खोक्यात भरून ठेवू नका, रोज तास-दोन तास चालवा, आतल्या उबेने ओल धरत नाही. खिडकीच्या खाली किंवा चिऱ्याच्या ओल्या भिंतीला टेकवून ठेवू नका. रॅमचे दात काळवंडले तर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसा. गंज दिसला की अनेक कंपन्या वॉरंटी नाकारतात, हे बोर्ड घेतानाच लक्षात ठेवा. विजा चमकू लागल्या की पॉवरची वायर तर काढाच, ब्रॉडबँडचीही काढा. जांभ्या दगडाच्या जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंग कोरडं पडतं, तेव्हा खड्ड्यात पाणी घालायला विसरू नका.

बसवताना

बायोस अपडेट जुना प्रोसेसर जागेवर असतानाच करा. पेन ड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेला हवा, यूपीएस चालू हवा. अपडेट चालू असताना वीज गेली तर बोर्ड मुका होतो. डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) असेल तर रिकव्हरी कळ आधी लिहून ठेवा. एएमडीचा प्रोसेसर बदलल्यावर पहिल्या वेळी एफटीपीएम रीसेट करू का, असा प्रश्न येतो, आणि कळ नसताना ‘वाय’ दाबलं तर डेटा अडकतो.

एएम४ चा पंखा काढण्यापूर्वी मशीन दहा मिनिटं चालवा म्हणजे प्रोसेसर आणि हीटसिंकमधली पेस्ट मऊ होईल. मग बंद करून, वायर काढून, हीटसिंक डावी-उजवीकडे हळू फिरवत सोडवा. सरळ वर ओढलात तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. ५६०० सोबत येणारा पंखा स्क्रूचा असतो, त्यासाठी बोर्डावरचे प्लास्टिकचे कंस काढावे लागतात. ते काढताना मागची धातूची पट्टी हाताने धरून ठेवा, नाहीतर ती खाली पडते. ५७००एक्स सोबत पंखा येत नाही.

इंटेलच्या एलजीए सॉकेटमध्ये पिना बोर्डावर असतात. प्रोसेसर वरून अलगद सोडा, त्रिकोणाची खूण जुळवा, बोटाने दाबू नका. एलजीए १२०० चा जुना पंखा एलजीए १७०० वर बसत नाही, भोकांतलं अंतर ७५ वरून ७८ मिलिमीटर झालं आहे. एएम४ चे बहुतेक पंखे एएम५ वर चालतात. पेस्ट तुरीच्या दाण्याएवढी मधोमध पुरे.

एएम५ वर पहिल्यांदा चालू केल्यावर काही मिनिटं स्क्रीन काळी राहते. बोर्ड रॅमची ओळख करून घेत असतो, मध्येच बटण दाबून बंद करू नका. विंडोज सुरू झाल्यावर एचडब्ल्यूइन्फो (तापमान दाखवणारा प्रोग्रॅम) उघडून, सिनेबेंच (प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारी चाचणी) दहा मिनिटं चालवून तापमान पाहा, तेही दुपारच्या उकाड्यात. ५६०० ची कमाल मर्यादा ९० अंश, १२४०० ची १००. यापेक्षा १०-१५ अंश खाली राहिलं तर ठीक. काही सेकंदांतच मर्यादेला टेकलं तर पंखा नीट बसलेला नाही किंवा हीटसिंकवरचं प्लास्टिक काढायचं राहिलं आहे.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा ऑनलाइन मागवताना ‘बॉक्स’ (सीलबंद खोक्यातला) आणि ‘ट्रे’ (सुटा) हा फरक विचारा. बॉक्सवर कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते, ट्रेवर दुकानदार देईल तेवढीच. बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या. एलजीए बोर्डाच्या सॉकेटवरचं प्लास्टिकचं झाकण खोक्यात जपून ठेवा, ते नसेल तर वॉरंटीत बोर्ड परत घेताना अडवणूक होते. जुना बोर्ड घेत असाल तर फोनचा टॉर्च तिरका धरून पिनांच्या रांगा पाहा. एखादी पिन वेगळी चमकली तर तो बोर्ड तिथेच ठेवा.