जुन्या मुंबईची छायाचित्रे ओळखताना या चुका टाळा

व्हॉट्सअ‍ॅपवर एखादे धूसर छायाचित्र येते, त्याखाली ‘गेट वे ऑफ इंडिया, १९११’ असे लिहिलेले असते आणि बघता बघता तेच साल सगळीकडे प्रमाण मानले जाते. वास्तविक १९११ मध्ये ही कमान अस्तित्वातच नव्हती. त्या डिसेंबरात इंग्लंडचे राजे पंचम जॉर्ज बंदरावर उतरले तेव्हा तेथे स्वागतापुरता उभारलेला मंडप होता. जॉर्ज विटेट यांच्या आराखड्याला मंजुरी १९१४ मध्ये मिळाली आणि उद्घाटन व्हायला ४ डिसेंबर १९२४ उजाडला. कमानीवर राजाच्या आगमनाचे साल कोरलेले आहे, तेच बांधकामाचे साल समजले जाते. मथळा हा पुरावा नसून कोणीतरी केलेला दावा आहे, एवढे लक्षात ठेवले तरी निम्म्या चुका टळतात.

चित्रात काय आहे आणि काय नाही

साल ठरवताना एकाच इमारतीवर भिस्त ठेवणे ही सर्वांत मोठी चूक होय. इमारत पूर्ण झाल्याचे वर्ष फक्त एक टोक सांगते. दुसरे टोक शोधण्यासाठी रस्त्याकडे पाहावे लागते. मुंबईत घोड्यांची ट्राम मे १८७४ मध्ये सुरू झाली, विजेची ट्राम मे १९०७ मध्ये धावू लागली, तिला दुमजली डबा १९२० मध्ये मिळाला, पहिली बस जुलै १९२६ मध्ये निघाली आणि शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी थांबली. बोरीबंदरच्या चौकाच्या छायाचित्रात १८९३ मध्ये पूर्ण झालेली महापालिकेची इमारत असेल आणि समोरून घोडे ट्राम ओढत असतील, तर ते साधारणपणे १८९३ ते १९०७ या काळातले ठरते. चौकातील फिरोजशहा मेहतांचा पुतळा दिसत असेल, तर तेच दृश्य एकदम १९२३ नंतरचे होते.

जे दिसत नाही तेही तितकेच बोलके असते. ताजमहाल हॉटेल आहे पण शेजारी गेट वे नाही, तर १९०३ नंतरचे आणि कमान उभी राहण्यापूर्वीचे चित्र. ताजचा उंच मनोरा असेल तर १९७० च्या दशकातले किंवा त्यानंतरचे. काळा घोडा परिसरातील सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १८७९ मध्ये बसवला गेला आणि १९६५ मध्ये तेथून हलवण्यात आला, त्यामुळे घोड्यावर स्वार असलेले त्या चौकाचे चित्र या दोन वर्षांच्या मधले असणार. (आज तेथे असलेला घोडा २०१७ मधला असून त्याच्यावर स्वार नाही.) फ्लोरा फाउंटन मात्र १८६४ पासून जागेवर असल्याने कालनिर्णयाला फारसे उपयोगी पडत नाही.

नावांची गफलतही नेहमीची आहे. हॉर्नबी रोड म्हणजे आजचा दादाभाई नौरोजी मार्ग आणि एस्प्लनेड रोड म्हणजे महात्मा गांधी मार्ग, हे माहीत नसल्यामुळे एकाच रस्त्याची दोन चित्रे दोन ठिकाणची समजली जातात. व्हिक्टोरिया टर्मिनसचे (आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) वास्तुविशारद एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनीच आखलेली चर्चगेटची रेल्वे मुख्यालयाची इमारत तर कित्येकदा व्हिक्टोरिया टर्मिनस म्हणून खपवली जाते.

पोस्टकार्डाचे साल म्हणजे छायाचित्राचे साल नव्हे

पाठीमागचा टपालाचा शिक्का कार्ड कधी टाकले एवढेच सांगतो. छायाचित्रकारांच्या काचेच्या पट्ट्या (तेव्हाच्या निगेटिव्ह) एकाकडून दुसऱ्याकडे विकल्या जात आणि बोर्न अँड शेफर्डसारख्या छायाचित्रांच्या पेढ्या एकाच पट्टीवरून वर्षानुवर्षे प्रती काढीत. म्हणून शिक्का १९१२ चा आणि चित्रात घोड्यांची ट्राम, असा विरोध दिसल्यास गोंधळून जाऊ नये. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. कोपऱ्यातील पेढीचे नाव म्हणजे छायाचित्रकाराचे नाव, असेही गृहीत धरू नये.

उलटे छापलेले चित्र

काचेची पट्टी उलटी ठेवून छापलेली चित्रे वाटतात त्यापेक्षा अधिक आढळतात. पाटी वाचता येत नसेल तर इमारतींची मांडणी तपासावी. ओव्हल मैदानातून पाहिल्यास राजाबाई टॉवरच्या डावीकडे उच्च न्यायालय येते. समुद्रातून पाहिल्यास ताज डावीकडे आणि गेट वे उजवीकडे येतो. व्हिक्टोरिया टर्मिनसच्या घुमटावरील स्त्रीमूर्तीच्या उजव्या हातात मशाल आहे. ती डाव्या हातात दिसली, तर चित्र सरळ करून घ्यावे.

रिकामे रस्ते आणि सजवलेली माणसे

‘किती शांत होती हो तेव्हाची मुंबई!’ हा उद्गार १८६० च्या दशकातील चित्रांखाली हमखास आढळतो. १८६४ च्या शिरगणतीत या शहराची लोकसंख्या आठ लाखांवर होती. ओल्या कलोडियनच्या (म्हणजे रसायनाचा थर ओला असतानाच वापरायच्या) पट्टीला काही सेकंद प्रकाश द्यावा लागे, तेवढ्यात चालणारा माणूस चित्रातून पुसला जाई आणि उभी बैलगाडी तेवढी स्पष्ट उमटे. भिंग घेऊन पाहिल्यास रस्त्यावर धुरकट पट्टे किंवा अर्धपारदर्शक पाय दिसतात; गर्दी तिथेच असते. वेगवान कोरड्या पट्ट्या १८८० च्या आसपास रूढ झाल्या आणि त्यानंतरच रस्त्यावरची धावपळ खऱ्या अर्थाने पकडता आली.

याउलट जिथे माणसे ठळक आहेत, तिथे अधिक सावध राहावे. छायाचित्रकार विल्यम जॉन्सन यांनी १८६३ आणि १८६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दोन खंडांत मुंबईतील निरनिराळ्या जाती-जमातींची माणसे शहराच्या पार्श्वभूमीवर उभी दिसतात. प्रत्यक्षात माणसांचे छायाचित्र वेगळे घेऊन ते दृश्यावर जोडलेले आहे. अशा चित्रांवरून पोशाखाचा अभ्यास जपून करता येईल, पण ‘हे त्या रस्त्यावरचे रोजचे जीवन’ असे म्हणणे चुकीचे ठरेल. शिवाय प्रत्येकाला जातीचे लेबल लावण्याची दृष्टी राज्यकर्त्यांची होती. ते मथळे आज जसेच्या तसे पुढे पाठवणे मला तरी योग्य वाटत नाही.

रंग भरण्याचा मोह

कृत्रिम बुद्धिमत्तेने रंगवलेली चित्रे हा अलीकडचा उपद्रव आहे. त्या काळच्या पट्टीला निळा रंग फार लवकर कळे आणि लाल जवळजवळ कळत नसे. त्यामुळे आकाश पांढरे पडते आणि लाल पगडी काळी दिसते. संगणक त्या काळ्या छटेवरून पगडीला काळाच रंग देतो. कुर्ल्याचा करडा आणि मालाडचा पिवळसर असे दोन दगड वापरून बांधलेले प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमही (आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) मग सरसकट तपकिरी होऊन जाते. चित्र ‘स्पष्ट’ करणारी साधने त्याहून घातक आहेत, कारण ती पाट्यांवरील अक्षरे आणि चेहरे मनानेच रचतात आणि कालनिर्णयासाठी लागणारा पुरावाच नष्ट होतो.

घरातील मूळ प्रत

घरी जुनी प्रत असेल तर ती अल्बममधून ओढून काढू नये, लॅमिनेट करू नये, फाटलेल्या कडेला चिकटपट्टी लावू नये आणि मागे बॉलपेनने लिहू नये. स्कॅन निदान ६०० डीपीआयवर करावा, पाठीमागची बाजूही घ्यावी, कडा कापू नयेत. कारण छायाचित्रकाराचा क्रमांक बहुधा कडेलाच असतो. दुरुस्त्या करायच्याच असतील तर त्या दुसऱ्या प्रतीवर कराव्यात. मथळा लिहिताना नेमके वर्ष ठरत नसेल तर ‘१८९३ नंतर, १९०७ पूर्वी, आधार : महापालिकेची इमारत व घोड्यांची ट्राम’ असे कारणासह लिहावे, म्हणजे पुढे कोणाला अधिक चांगला पुरावा मिळाल्यास तो ही मर्यादा आणखी अरुंद करू शकेल.