संक्रमण शिबिरात माहितीपट करायचा तर

मुंबईतली उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी इमारत धोकादायक ठरली की भाडेकरूंची रवानगी म्हाडाच्या संक्रमण शिबिरात होते: शीवचं प्रतीक्षानगर, विक्रोळीचं कन्नमवारनगर. खोली म्हणायला तात्पुरती, मुक्काम कित्येकदा पिढीभराचा.

इथे चेहऱ्यापेक्षा कागदाचा धोका मोठा. शिबिरात मूळ भाडेकरू असतात, त्यांच्याकडून मुखत्यारपत्रावर खोली घेतलेले असतात आणि हाती काहीच कागद नसलेलेही. मागच्या दोघांना सरकारदरबारी 'घुसखोर' म्हणतात. 'ही खोली आम्ही विकत घेतली' एवढं कॅमेऱ्यासमोर बोललं गेलं की ते बोलणाऱ्यावरच उलटू शकतं. म्हणून हा प्रश्न आधी कॅमेरा बंद ठेवून विचारा. संमतीपत्रात चेहरा, आवाज, नाव, खोली क्रमांक आणि खोली कशी मिळाली या पाचांसाठी वेगवेगळ्या ओळी ठेवा. सही रहिवाशांच्या समितीच्या पुढाऱ्यासमोर घेऊ नका. त्याच्यादेखत खोलीतल्या मावशी नाही म्हणणारच नाहीत. चित्रीकरणाआधी, मुलाखत संपल्यावर आणि कच्चं संकलन दाखवून, अशी तीनदा संमती घ्या. संमतीपत्रं आणि फुटेज एकाच डिस्कवर नकोत.

खोली साधारण दहा बाय अठरा फुटांची. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्याला २४ मिमीची लेन्स पुरते. त्याहून रुंद लावली तर कडेचे चेहरे ताणले जातात. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० सेकंदाचं शटर ठेवा. ३० फ्रेम आणि १/६० वर ट्यूबलाइटखाली पट्टे सरकताना दिसतात. दिवा पंख्याच्या वर असेल तर पात्यांची सावली चेहऱ्यावर फडफडते. अशा वेळी माणसाला खिडकीकडे तोंड करून बसवा आणि दिवा बंद करा.

आवाजाचं दुखणं मोठं. मे महिन्यात पंखा दहा मिनिटांपलीकडे बंद ठेवता येत नाही. कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर, फोमची टोपी घालून लावा आणि चालू पंख्याचा नुसता आवाज मिनिटभर वेगळा घ्या, संकलनात सांधे झाकायला लागतो. पाण्याच्या वेळेत मुलाखत ठेवू नका. तेव्हा व्हरांड्यातली बादल्यांची धांदल टिपा. भिंती पातळ. शेजारचा टीव्ही माइकमध्ये येतो तसं इथलं बोलणं शेजारी जातं. नाजूक मुलाखत शिबिराबाहेर करा.

चेहरा धूसर केला म्हणजे काम झालं असं नाही. दारावरचा आकडा, वीजमीटर, किराणा दुकानाचं कॅलेंडर, देव्हारा, मुलांच्या गणवेशावरचा बिल्ला यांवरूनही घर सापडतं. डोकं हललं की धूसर पट्टी मागे राहते, एखाद्या फ्रेममध्ये चेहरा उघडा पडतो. त्यापेक्षा सुरुवातीपासूनच हात, पाठ, सावली घ्या. आवाजाचा नुसता सूर बदलून भागत नाही. बोलण्याची लकब तशीच राहते. तेच शब्द दुसऱ्या कुणाकडून म्हणवून घ्या.

शेवटची तपासणी त्या व्यक्तीसोबतच करा: एकदा आवाज बंद करून, एकदा नुसतं ऐकून. 'शेजारीण ओळखेल का?' हे त्यांनाच विचारा. खात्रीसाठी शेजारणीला दाखवायला जाऊ नका. ओळख तिथेच फुटते.