मेंदूच्या लहरींवर टायपिंग: अक्षरं चुकत असतील तर या चुका टाळा

एएलएससारख्या, स्नायू हळूहळू निकामी करणाऱ्या आजारात वाचा गेलेल्या माणसासाठी घरात ईईजीची (मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपणारी) टोपी येते आणि ‘पाणी’च्या जागी भलतंच काही उमटतं. मग सगळे सॉफ्टवेअरला दोष देतात. मी म्हणेन, आधी डोक्याची त्वचा बघा, मग खोली.

१९८८ साली फारवेल आणि डॉन्चिन यांनी मांडलेल्या पद्धतीत ६ बाय ६ अक्षरांच्या तक्त्यातल्या ओळी आणि रकाने आलटून पालटून चमकतात. हवं ते अक्षर चमकलं की साधारण ३०० मिलिसेकंदांनी मेंदूत पी३०० ही लहर उठते, आणि तिच्यावरून संगणक अक्षर ओळखतो. ती जेमतेम काही मायक्रोव्होल्टची असते. तेल चोपडलेल्या डोक्यावर ती काय सापडणार! आदल्या दिवशी नुसत्या शाम्पूने केस धुवा, चंपी नंतर करा.

नागपुरात खरी परीक्षा मे महिन्यात. पारा ४५च्या पुढे, कूलर पलंगाला खेटून. कूलरच्या मोटारीची ५० हर्ट्झची विजेची घरघर सॉफ्टवेअरमधला फिल्टर बऱ्यापैकी कापतो. पण कूलरच्या झोताने टोपीच्या वायरी हलतात, त्या हलण्याचा गोंगाट फिल्टरला कापता येत नाही. त्याच झोताने टोपीतल्या इलेक्ट्रोडखाली, म्हणजे लहरी टिपणाऱ्या चकत्यांखाली, भरलेलं जेल वाळतं, आणि कूलर बंद केला तर घामाने सिग्नल वाहवत जातो. म्हणून कूलर चालूच ठेवा (नवतपात, म्हणजे उन्हाळ्यातल्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत, बंद करायचा विचारही नको), तोंड फक्त पायांकडे फिरवा. वायरी एकत्र बांधून खांद्याशी चिकटवा. लॅपटॉप बॅटरीवर चालवा. मध्येच एखाद्या इलेक्ट्रोडचा रोध (त्वचेशी जोडणीतला विजेचा अडथळा) वाढला तर तिथे जेल भरा.

“आजोबा, नीट लक्ष द्या ना!” असं ओरडून काही होत नाही. दात आवळले की सिग्नलमध्ये जबड्याच्या स्नायूंचा गोंगाट वर येतो. हवं ते अक्षर किती वेळा चमकलं ते मनात मोजायला सांगा, एवढं पुरे.

चुका वाढल्या की चमकण्याच्या फेऱ्या वाढवत सुटू नका. फेऱ्या चौपट केल्या तर गोंगाट निम्माच होतो, आणि माणूस दमतो ते वेगळंच. टोपी काढून पुन्हा घातली असेल तर कॅलिब्रेशन, म्हणजे त्या माणसाच्या लहरींची सॉफ्टवेअरला ओळख करून देणं, पुन्हा करून बघा.

एवढं करूनही जमत नसेल तर डोळे तपासा. नजर अक्षरावर ठरत नसेल तर हा तक्ता कामाचा नाही. अक्षरं मधोमध एकेक दाखवणारी किंवा आवाजावर चालणारी पद्धत तज्ज्ञांना विचारा.

पैशाचं किंवा उपचाराचं काही लिहिलं गेलं तर हो-नाही पुन्हा विचारून घ्या, शब्द आपल्या मनाने पुरा करू नका. आणि वीज गेली तर लागेल म्हणून पुठ्ठ्यावरचा अक्षरतक्ता उशाशी असू द्या.