करॉसियसचे बंड नाण्यांवरून कसे वाचावे

रोमन सेनानींच्या बंडांच्या हकिकती बहुतांशी त्यांना हरवणाऱ्यांच्या बाजूने लिहिल्या गेल्या आहेत. म्हणून तिसऱ्या शतकाच्या अखेरीस रोमविरुद्ध बंड करून ब्रिटनचा सम्राट बनलेल्या करॉसियसचा अभ्यास ग्रंथांपासून नव्हे, तर त्याने स्वतः पाडलेल्या नाण्यांपासून सुरू करावा, असे माझे ठाम मत आहे.

तत्पूर्वी घटनाक्रम पक्का करून घ्यावा. मेनापी या उत्तर गॉलमधील जमातीतील हा सेनानी गॉलच्या (आजच्या फ्रान्स व आसपासच्या प्रदेशाच्या) उत्तर किनाऱ्यावर, आजच्या बुलोन्य येथे, फ्रँक व सॅक्सन चाच्यांचा बंदोबस्त करणाऱ्या आरमाराचा प्रमुख होता. चाच्यांकडून सोडवलेली लूट तो स्वतःच ठेवून घेतो, असा आरोप झाला आणि सम्राट मॅक्सिमियनने त्याला ठार मारण्याचा हुकूम दिला. तेव्हा इ.स. २८६ च्या सुमारास त्याने ब्रिटन व उत्तर गॉलचा काही भाग ताब्यात घेऊन स्वतःला सम्राट घोषित केले. २९३ मध्ये मॅक्सिमियनचा उपसम्राट कॉन्स्टँटियस याने बुलोन्य परत जिंकले, त्याच वर्षी अ‍ॅलेक्टस या सहकाऱ्याने करॉसियसचा खून केला आणि २९६ मध्ये अ‍ॅलेक्टसचाही पाडाव झाला.

नाणे हाती किंवा छायाचित्रात आले की प्रथम धातू पाहावा. साम्राज्याच्या इतर टांकसाळींतून चांगल्या चांदीचे नाणे जवळपास नाहीसे झालेले असताना करॉसियसने ते पाडले. सैन्याचा पगार ज्यावर अवलंबून, त्या नाण्याची पत राखणे ही बंडखोराची पहिली गरज होती. मग मागील बाजू वाचावी. एका नाण्यावर ब्रिटानिया, म्हणजे स्त्रीरूपातील ब्रिटन, सम्राटाचे स्वागत करताना दिसते आणि भोवती ‘ये, तुझीच वाट पाहत होतो’ अशा अर्थाचा लॅटिन मजकूर आहे.

त्यानंतर चित्राच्या खालची, सहसा टांकसाळीची खूण असणारी जागा अवश्य तपासावी. काही चांदीच्या नाण्यांवर तेथे ‘आर, एस, आर’ ही अक्षरे आहेत आणि एका कांस्यपदकावर ‘आय, एन, पी, सी, डी, ए’. ही अक्षरे दीर्घकाळ कोडेच होती. १९९० च्या दशकात इतिहासकार गाय द ला बेदोयेर यांनी दाखवून दिले, की ती व्हर्जिलच्या चौथ्या गोपगीतातील लागोपाठच्या शब्दांची आद्याक्षरे आहेत: शनीचे सुवर्णयुग परत येत आहे, उंच स्वर्गातून नवी पिढी उतरत आहे. ज्याला दरबारी वक्ते चाचा म्हणत होते, तो आपल्या प्रजेला रोमच्या महाकवीची ओळ सांगत होता. माझ्या दृष्टीने त्याच्या राजवटीचा याहून बोलका पुरावा नाही.

पुढे तीन चेहरे शेजारी शेजारी असलेले नाणे शोधावे. त्यावर ‘करॉसियस आणि त्याचे बंधू’ असे कोरले आहे. हे बंधू म्हणजे डायोक्लेशियन व मॅक्सिमियन हे रोमचे दोन सहसम्राट. त्यांनी मात्र हे नाते कधीच मान्य केले नाही.

आता सम्राटांच्या गौरवार्थ दरबारी वक्त्यांनी केलेल्या स्तुतिभाषणांकडे वळावे आणि ती कालक्रमाने वाचावीत. २८९ च्या भाषणात करॉसियसवरील स्वारीसाठी उभारलेल्या मॅक्सिमियनच्या नव्या आरमाराचे कौतुक आहे, २९१ च्या भाषणात त्या मोहिमेचा उल्लेखच नाही, तर २९७ च्या भाषणात विलंबाचा दोष समुद्रावर टाकला आहे. मॅक्सिमियनची स्वारी फसली होती, हे अनुमान या तीन भाषणांच्या तुलनेतूनच निघते.

शेवटी सत्तेचा विस्तार तपासण्यासाठी उत्तर इंग्लंडमधील कार्लाइलजवळ सापडलेला मैलाचा दगड पाहावा. त्याच्या एका टोकावर करॉसियसचे नाव आहे. पुढे तो उलटा करून दुसऱ्या टोकावर कॉन्स्टँटियसचा मुलगा कॉन्स्टँटाइन याचे नाव कोरले गेले. करॉसियसचे टोक जमिनीत गाडले गेल्याने ते टिकले आणि उत्तर ब्रिटनमधील रोमन सरहद्द असलेल्या हेड्रियनच्या भिंतीपर्यंत त्याचा अंमल होता, हे त्यावरून सिद्ध होते.