न्यू जर्सीत नवीन आलात? एक रात्र पाइन बॅरन्समध्ये काढा

इथे येऊन सहा महिने झाले की बहुतेक घरांचं एक वर्तुळ ठरून जातं. ऑफिस, ओक ट्री रोडवरचं वाणसामान, शनिवारी कुणाकडे तरी जेवण, आणि भारतातून पाहुणे आले की न्यूयॉर्क नाहीतर नायगारा. त्यात वाईट काहीच नाही. पण मला इथे एकोणीस वर्षं झाली आणि नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी एक गोष्ट आवर्जून सांगतो: पहिल्याच वर्षी दक्षिण जर्सीतल्या पाइन बॅरन्स या पाइनच्या जंगलपट्ट्यात, तिथल्या वॉर्टन स्टेट फॉरेस्टमध्ये जाऊन एक रात्र तंबूत झोपा. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला एखादा मुलूख आपला वाटायला तिथल्या मातीवर पाठ टेकावी लागते. माझं तरी तसंच झालं.

वॉर्टन हे राज्यातलं सगळ्यात मोठं सरकारी जंगल, जवळपास सव्वा लाख एकरांचं. टर्नपाइकने खाली उतरून 206 नंबरच्या रस्त्याला लागलात की एडिसनहून सव्वा-दीड तासात जंगलातलं अ‍ॅट्शन येतं. डोंगर शोधू नका, सगळं सपाट आहे. पांढरी वाळू, बुटके पिच पाइन आणि चहासारख्या रंगाच्या नद्या. तो रंग घाणीचा नाही. सीडरच्या आणि पालापाचोळ्याच्या अर्कामुळे आणि जमिनीतल्या लोहामुळे पाण्याला तो येतो. याच लोहावर बॅट्स्टो गावची भट्टी 1766 साली उभी राहिली आणि अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात तिने सैन्याला माल पुरवला. पुढे जोसेफ वॉर्टन नावाच्या उद्योगपतीने इथली जमीन विकत घेतली. जमिनीखालचं पाणी फिलाडेल्फियाला न्यायचा त्याचा बेत होता, पण राज्याच्या विधिमंडळाने पाणी बाहेर न्यायला बंदी घातली. बेत बारगळला आणि 1950च्या दशकात जमीन राज्याकडे आली. म्हणून आज तुम्हाला-मला तिथे तंबू ठोकता येतो.

‘प्रिमिटिव्ह कॅम्पिंग’ या शब्दाने घाबरू नका. तंबूपुरती मोकळी जागा, शेकोटीचं लोखंडी कडं, खड्ड्याचा संडास आणि बऱ्याच ठिकाणी हापसा. वीज नाही, आंघोळीची सोय नाही, रात्री दिवा नाही. आपल्याला हे नवीन नाही. नवीन आहे ते वेगळंच. हरिश्चंद्रगडावर आपण गुहेत पथारी टाकतो, राजमाचीला उढेवाडीत कुणाच्या तरी ओसरीवर झोपतो, पिठलं-भाकरी तिथेच सांगतो. वाट चुकली तर एखादा गुराखी भेटतो. आपला ट्रेक हा गावाच्या जिवावर असतो. इथे जंगलाच्या पाठीशी गाव नाही. जे गाडीत घेतलं नाही ते नाहीच. वाट विचारायला कुणी नाही आणि फोनला बऱ्याच ठिकाणी रेंज नाही. नकाशा आधी फोनवर उतरवून घ्या, कागदाचाही ठेवा. कुठे जाणार आणि कधी परतणार हे घरी किंवा मित्राला लिहून कळवा.

जागा आधी आरक्षित करावी लागते. आपण संध्याकाळी पोचलो आणि बरी जागा बघून तंबू लावला, हे इथे बेकायदेशीर आहे. राज्यातल्या रहिवाशांना दर कमी असतो, म्हणून न्यू जर्सीचं लायसन्स हातात आल्यावर गेलात तर बरं. पहिल्या खेपेला बॅटोना किंवा गोशेन पाँडची जागा घ्या, तिथपर्यंत गाडी जाते. मलिका रिव्हरच्या जागेवर चालत नाहीतर कनूने, म्हणजे वल्ह्यांच्या छोट्या होडीने, जावं लागतं, ती दुसऱ्या खेपेला ठेवा. लोअर फोर्ज या जागेवर प्यायचं पाणी नाही. हापसा चालू आहे ना, हे निघण्यापूर्वी जंगलाच्या ऑफिसला फोन करून विचारा, आणि तरीही माणशी चार लिटर पाणी गाडीत ठेवाच. दारू न्यायची नाही, न्यू जर्सीच्या सरकारी उद्यानांत आणि जंगलांत ती चालत नाही. कचराकुंड्याही नसतात. जे नेलं ते सगळं परत आणायचं.

आता रस्ता. हे नीट वाचा, कारण इथे मी स्वतः चुकलो आहे. आतले बहुतेक रस्ते वाळूचे आहेत. ही वाळू पिठासारखी मऊ असते आणि स्थानिक लोक तिला ‘शुगर सँड’ म्हणतात. फोनवरचा नकाशा तिला बिनदिक्कत रस्ता म्हणून दाखवतो. आमच्या तिसऱ्या वर्षी मी जवळचा रस्ता म्हणून साधी सेदान अशाच एका वाटेवर घातली. पन्नास पावलांत चाकं रुतली आणि मी ॲक्सिलरेटर दाबत राहिलो, त्यामुळे गाडी पोटापर्यंत बसली. मुलगी चार वर्षांची होती, अंधार पडत होता. शेवटी टायरमधली थोडी हवा सोडली, पायपुसण्या चाकांखाली घातल्या, हाताने वाळू उपसली आणि दोन तासांनी बाहेर निघालो. तेव्हा साध्या गाडीने डांबरी किंवा घट्ट मुरमाचा रस्ता सोडू नका. कुठल्या रस्त्याने जागेपर्यंत यायचं हे ऑफिसात विचारा. गाडी भाड्याची असेल तर अशा रस्त्यांना करारात बहुतेक मनाईच असते.

आणि आग. याबद्दल मी कुणाशी तडजोड करत नाही.

पाइन बॅरन्स हे जळण्यासाठीच घडलेलं जंगल आहे. वाळूत पाणी टिकत नाही, वरचा सुयांचा थर दोन कोरड्या दिवसांत काडीपेटीसारखा होतो आणि पाइनमध्ये राळ असते. पिच पाइनची साल जाड असते, आगीनंतर तो खोडातून पुन्हा फुटतो. काही भागांतल्या झाडांचे शंकू तर आगीच्या धगीनेच उघडून बी सांडतात. हिवाळ्याच्या शेवटी वनखातं मुद्दाम, बेताने काही पट्टे जाळतं, म्हणजे उन्हाळ्यात मोठा वणवा पेटायला खाली जळण उरत नाही. त्या दिवसांत धूर दिसला तर घाबरू नका. पण जून 2022 मध्ये याच जंगलात मलिका नदीजवळ लागलेल्या आगीत सुमारे 13,500 एकर जळाले, आणि ती एका बेकायदा शेकोटीतून लागली होती. एका शेकोटीतून.

म्हणून तीन दगड मांडून, आजूबाजूच्या काटक्या गोळा करून चूल पेटवायची आपली सवय इथे पूर्ण बंद. शेकोटी फक्त कड्यातच, आणि तीही त्या दिवशी परवानगी असेल तर. कोरड्या दिवसांत टप्प्याटप्प्याने निर्बंध लागतात. सगळ्यात कडक टप्प्यात लाकूड आणि कोळसा दोन्ही बंद, फक्त गॅसची शेगडी चालते. निघायच्या दिवशी सकाळी निर्बंध बघा आणि गॅसची छोटी शेगडी न्याच, म्हणजे जेवणाचं अडत नाही. सरपण घरून नेऊ नका, लाकडातून झाडांची कीड दूरवर पसरते. जंगलाजवळच्या दुकानातून जुडी घ्या. झोपण्यापूर्वी शेकोटीवर बादलीभर पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता. राखेत हात घालता आला पाहिजे. नुसती वाळू लोटून भागत नाही, निखारे खाली धुमसत राहतात.

वाघ-बिबट्याची भीती इथे नाही. अस्वलं राज्याच्या वायव्य डोंगराळ भागात जास्त. टिंबर रॅटलस्नेक आहे, पण तो राज्यात संकटग्रस्त म्हणून संरक्षित आहे. दिसला तर चार पावलं मागे व्हा, त्याला जाऊ द्या. खरी काळजी घ्यायची ती गोचिडीची. आपल्याकडे गोचीड म्हणजे गुरांची भानगड. इथे खसखशीच्या दाण्याएवढी गोचीड माणसाला लाइम रोग देऊ शकते. दक्षिण जर्सीत भरपूर असलेल्या लोन स्टार गोचिडीच्या चाव्याने काहींना मटणाची ॲलर्जी होते, मटण खाल्ल्यावर काही तासांनी अंगावर गांधी उठतात, कधी त्याहून गंभीर होतं. तेव्हा फुल पँट, पँट मोज्यात खोचलेली, फिकट रंगाचे कपडे. कपड्यांवर आधी परमेथ्रिन हे कीटकनाशक फवारून वाळवा, अंगाला डीट किंवा पिकारिडिन असलेलं कीटक पळवणारं औषध लावा. पायवाटेच्या मधून चाला, झुडपांना घासू नका. परत आल्यावर काख, जांघ, गुडघ्यामागे, मुलांच्या केसांत आणि कानामागे बोटांनी तपासा. चिकटलेली सापडली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल, तूप, जळती काडी काही नको. लवकर काढली तर लाइमचा धोका बराच कमी होतो. पुढच्या महिनाभरात ताप आला किंवा चाव्याभोवती लाल चट्टा पसरू लागला तर डॉक्टरला गोचिडीचं आवर्जून सांगा.

संडासाबद्दल लोक विचारायला लाजतात, म्हणून सांगून टाकतो. खड्ड्याचा असला तरी तो बैठकीचा असतो, आईवडिलांच्या गुडघ्यांचं जमतं. आत पाणी नसतं. आपला तांब्या किंवा बाटली आणि सॅनिटायझर न्या. वाटेत वेळ आली तर नदीपासून आणि पायवाटेपासून किमान 200 फूट लांब, वीतभर खोल खड्डा करून वर माती ओढायची. कागद पिशवीत बांधून परत आणायचा. नदीत साबण, भांडी, कपडे काही धुवायचं नाही, साबण निसर्गस्नेही असला तरी.

जेवण साधं ठेवा. थालीपिठाची भाजणी, मेतकूट-भात, घरून कोरडं करून नेलेलं पिठलं, सकाळी पोहे. रात्री सगळं अन्न गाडीत बंद करा, नाहीतर रॅकून पिशव्या फाडतात. आणि पांघरुणापेक्षा अंथरुणाला जास्त पैसे घाला. वाळू दिवसाची ऊब धरून ठेवत नाही. ऑक्टोबरात दुपारी टी-शर्टवर फिरलेले लोक पहाटे कुडकुडतात, कारण थंडी खालून चढते. तंबू मित्राकडून मागून आणलात तरी चालेल, पण खालची चटई चांगली हवी.

जायचं एप्रिल-मेमध्ये किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. जून-जुलैत डास आणि चावऱ्या माश्या जीव नकोसा करतात. नोव्हेंबर-डिसेंबरात हरणांची शिकार चालते, तेव्हा गेलात तर भडक केशरी जाकीट घाला, मुलांनाही. वेळ काढून गुलाबी खुणांची बॅटोना वाट थोडी तरी चाला. पूर्ण वाट सुमारे 53 मैलांची आहे. दलदलीच्या कडेने वाकून बघितलंत तर कीटक खाणारी घटपर्णी आणि दवबिंदू मिळतील. कासच्या पठारावर दवबिंदू पाहिला असेल, तर त्याचा हा भाऊबंद लगेच ओळखाल.

माझी आई कराडहून पहिल्यांदा आली तेव्हा महिनाभर घरात बसून कंटाळली होती. इथली दुकानं तिला सारखीच वाटायची. तिला बॅटोनाच्या जागेवर नेलं. तंबू उभा करेपर्यंत ती खुर्चीत गप्प बसून होती. मग तिला हापसा दिसला. उठली, पदर खोचला आणि दांडा धरला. पहिले काही हिसके कोरडे गेले, मग पाणी आलं. तिने ओंजळ धरून चव घेतली, म्हणाली, “लोखंडाची चव आहे, आपल्या मळ्यातल्या विहिरीसारखी.” मग नातीला जवळ बोलावून दांडा कसा धरायचा ते दाखवलं. दोघींनी मिळून गाडीतल्या सगळ्या बाटल्या ओतून पुन्हा त्या पाण्याने भरल्या.