सेवा करायचीय, पण सुरुवात कुठून करू?
सकाळी मोबाईल हातात घ्यायच्या आधी दहा मिनिटं प्रार्थना करा, बायबलमधल्या मत्तय 6:33 मध्ये आधी देवाचं राज्य मिळवायला झटा असं म्हटलंय ते इथूनच सुरू होतं, नाहीतर अख्खा दिवस कामात जातो. मग एकच माणूस निवडा, जास्त नको. माझ्यासाठी शेजारच्या आजी आहेत, त्यांना नीट दिसत नाही म्हणून रविवारी चर्चहून आल्यावर त्यांचा गोळ्यांचा डबा भरून देते, सकाळच्या एका कप्प्यात, रात्रीच्या दुसऱ्यात, आणि पायाची नखं कापते. त्यांचा पाय हातात घेतला की येशूने शिष्यांचे पाय धुतले तेच आठवतं. फोटो स्टेटसला टाकू नका प्लीज, उजवा हात काय करतो ते डाव्या हातालाही कळू नये असं प्रभूने सांगितलंय.

मोठं काम जमत नाही म्हणून थांबू नका. पंडिता रमाबाईंनी दुष्काळात मुलींना केडगावला आणून सांभाळलं आणि बायबलचं मराठी भाषांतरही केलं, म्हणजे सेवा आणि देवाचं वचन दोन्ही सोबत चालतं. बायबलमध्ये मार्था आणि मरीया या दोन बहिणी आहेत, येशू घरी आल्यावर एक कामात गुंतली, दुसरी त्याचं ऐकत बसली; दमलात तर मार्थेसारखी धावपळ नको, मरीयेसारखं थोडं प्रभूच्या पायाशी बसा, आजींकडे अर्धा तास उशिरा गेलात तरी चालेल.