टीम लीड झालात? आधी टीमची वाट मोकळी करा

प्रमोशनचं लेटर हातात आलं की जो तो सांगतो, आता लोकांकडून काम करून घ्यायला शिक. मी मालाडला एका सपोर्ट सेंटरमध्ये अकरा जणांची टीम बघते, सहा वर्षं झाली, आणि मला हे अजिबात पटत नाही, लोक काम करतातच हो, त्यांच्या कामात जे आडवं येतं ते बाजूला करायला कोणीतरी लागतं आणि ते कोणीतरी म्हणजे आपण.

याला सर्व्हंट लीडरशिप म्हणतात, म्हणजे आधी टीमची सेवा, मग पुढारपण. रॉबर्ट ग्रीनलीफ म्हणून एक अमेरिकन गृहस्थ होते, एटी अँड टी या टेलिफोन कंपनीत त्यांची अख्खी नोकरी गेली आणि रिटायर झाल्यावर १९७० साली एका निबंधात त्यांनी हे नाव दिलं. पण आपल्याला इतकं लांब जायची गरज नाही. दुपारी चर्चगेटला डबेवाले बघा, १८९० पासून हे काम चालू आहे, प्रत्येक गटाला एक मुकादम असतो, हिशोब तोच बघतो, गिऱ्हाइकाची तक्रार तोच ऐकतो, आणि वेळ आली की डबेही उचलतो. मुकादम आहे म्हणून त्याचं डोकं क्रेटखालून सुटत नाही.

तर सुरुवात कुठून करायची? प्रत्येकाला पंधरा दिवसांतून एकदा अर्धा तास द्या आणि काही झालं तरी तो अर्धा तास कॅन्सल करू नका, कारण वरच्यांची मीटिंग आली म्हणून तुम्ही दोनदा पुढे ढकललंत की समोरच्याला आपली जागा कळते. "काही प्रॉब्लेम आहे का?" असं विचारू नका, उत्तर ठरलेलं आहे, नाही मॅडम सगळं ओके. त्यापेक्षा विचारा, या आठवड्यात तुझा सगळ्यात जास्त वेळ फुकट कशात गेला. मग बघा कसं बाहेर येतं, लॉगिन आयडी तीनदा लॉक झाला, हेडफोनचा एक कान बंद आहे, कॅबवाला रोज मेन रोडला सोडून जातो. हे वहीत लिहा आणि पुढच्या भेटीआधी त्यातलं एक तरी स्वतः मागे लागून सोडवा.

कॅबचं मात्र पुढच्या भेटीपर्यंत ठेवू नका. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात स्पष्ट आहे, रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते आणि तिला घराच्या दारापर्यंत पोचवायची सोय कंपनीने करायची. दारापर्यंत, मेन रोडपर्यंत नाही. मुली हे स्वतःहून बोलत नाहीत, उगाच नाटकं करते असं कोणी म्हणेल ही भीती असते, म्हणून तुम्ही विचारा आणि ॲडमिनला मेल तुमच्या नावाने जाऊ दे.

आता सुट्ट्यांचं सांगते, कारण टीम फर्स्ट, म्हणजे आधी टीम मग आपण, हे खरं की खोटं ते गणपतीत कळतं. माझ्या टीममध्ये पाच जण कोकणातले. रेल्वेचं रिझर्व्हेशन आता ६० दिवस आधी उघडतं, १ नोव्हेंबर २०२४ च्या आधी १२० दिवस होतं, आणि सकाळी आठला उघडलं की कोकणच्या गाड्या बघता बघता भरतात, म्हणजे तुम्ही रजा महिनाभर आधी मंजूर केलीत तर त्या रजेचा त्याला काडीचा उपयोग नाही, तो बिचारा रात्रभर एसटीने नाहीतर खाजगी बसला दामदुप्पट देऊन जाणार. मी तीन महिने आधीच सगळ्यांना एकत्र बसवते. कोणाकडे दीड दिवसाचा, कोणाकडे गौरी-गणपती, कोणाच्या स्वतःच्या घरात बसतो आणि कोण काकांकडे जातो, हे सगळं बोर्डवर लिहायचं, मागच्या वर्षी ज्याला जायला मिळालं नाही त्याचं नाव सगळ्यात वर. आणि जे त्या दिवसांत थांबतात त्यांचे सण त्याच बोर्डवर त्याच दिवशी लिहायचे, बिहारच्या मुलाची छठ, वसईच्या मुलीचा ख्रिसमस, ईद. भांडणं होत नाहीत कारण सगळ्यांसमोर ठरतं. तरी एक माणूस कमी पडतोच, ती शिफ्ट लीडने करायची, हेडफोन लावून, खरे कॉल घेऊन.

क्लायंट चिडला की कॉलवर आधी तुम्ही बोला, चूक टीमची असली तरी "आमच्याकडून झालं" एवढंच म्हणायचं आणि कोणाकडून झालं ते नंतर त्याच्याशी एकट्याशी बोलायचं. कौतुकाच्या मेलमध्ये मात्र नाव लिहा, आणि मोघम नको, त्याने नेमकं काय केलं तेही लिहा.

एक चूक मी केली, तुम्ही करू नका. पहिल्या वर्षी मला वाटायचं टीमची सेवा म्हणजे टीमचं काम आपण करणं, म्हणून प्रत्येक रिपोर्ट मी तपासायचे, दुरुस्त करायचे, कठीण एस्कलेशन, म्हणजे वर पाठवलेल्या तक्रारी, सगळी माझ्याकडे, रात्री अकराची बोरिवली लोकल पकडायचे आणि वाटायचं आपण किती करतोय यांच्यासाठी. आमच्यातला सगळ्यात हुशार मुलगा सोडून गेला, जाताना म्हणाला, मॅडम तुम्ही खूप चांगल्या आहात पण मी वर्षभरात काहीच शिकलो नाही. फार लागलं मला ते. ग्रीनलीफनी कसोटी हीच दिलीय, ज्यांची तुम्ही सेवा करता ती माणसं वाढतायत का, जास्त शहाणी, जास्त मोकळी, स्वतःच्या पायावर उभी राहणारी होतायत का.

आणि सगळ्यांना हो म्हणणं म्हणजेही टीम फर्स्ट नाही. एक जण रोज वीस मिनिटं उशिरा येत असेल तर ती वीस मिनिटं शेजारचा भरतो. त्याच्याशी बोलायलाच हवं, एकट्यात, आणि आधी कारण विचारून. आमच्याकडे एकीची आई डायलिसिसवर होती, शिफ्ट तासभर पुढे सरकवली आणि विषय संपला. दुसऱ्याकडे कारणच नव्हतं, त्याला लेखी द्यावं लागलं, तेही दिलं.

आता क्लायंटचा महिन्याचा रिव्ह्यू टीममधलं कोणीतरी आळीपाळीने घेतं. आदल्या दिवशी मी त्याच्याबरोबर एकदा तालीम करते, अवघड प्रश्न मीच विचारते, आणि कॉलच्या वेळी त्याच्या शेजारी खुर्ची टाकून माईक म्यूट करून बसते. गेल्या महिन्यात सगळ्यात नवीन मुलीची पाळी होती, मधे एका आकड्यावर अडकली, माझ्याकडे बघितलं, मी फक्त तिच्याच शीटमधली ती ओळ बोटाने दाखवली, पुढचं तिने एकटीने केलं.